कोंबड्यांची पिसे का जातात? पिसे उपटण्याच्या खोडीची कारणे व उपाय

वर्धा जिल्ह्यातील शेती मुख्यतः कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांची. या पिकांचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. अंड्यांचा पैसा मात्र दर आठवड्याच्या बाजाराला येतो. म्हणूनच घरच्या तेलमिठाची सोय कोंबड्यांवर सोपवणारी कुटुंबे गावोगाव आढळतात. पूर्वी या कोंबड्या अंगणात व उकिरड्यावर मोकळ्या हिंडत. हल्ली सुधारित जातीच्या तलंगा विकत घेऊन त्या बंद खोलीत ठेवण्याकडे कल वाढला आहे. त्यामुळे अंडी वाढली हे खरे. परंतु मोकळ्या कोंबडीत क्वचितच दिसणारी एक खोड बंद खोलीत मात्र वरचेवर दिसू लागली आहे. ती म्हणजे एकमेकींची पिसे उपटणे. आरंभी ही बाब क्षुल्लक वाटते. पुढे ती कातडीला, कातडीवरून मांसाला पोचते आणि चांगला कळप महिन्याभरात मोडतो. या लेखात या खोडीची ओळख, कारणे आणि उपाय क्रमाने दिले आहेत.

एक अनुभव

देवळी तालुक्यातील एका गावी एका भगिनीने बचत गटाकडून कर्ज काढून ऐंशी तलंगा आणल्या होत्या. अंडी सुरू होऊन महिना झाला नाही तोच कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडू लागल्या. दिवस एप्रिलचे होते. प्रस्तुत लेखक तेथे गेला, दारातूनच कोंबड्या पाहिल्या, उवांचा प्रादुर्भाव असावा असा तर्क केला आणि उवांची पावडर लावण्यास सांगून परत आला. दोन आठवड्यांनी निरोप आला. पुन्हा गेल्यावर त्या बाई एवढेच म्हणाल्या, “साहेब, तुमची पावडर त लावली, पन कोंबड्या मरूनच राह्यल्या.” आठ कोंबड्या मेल्या होत्या, आणि कर्जाचा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात भरावयाचा होता.

त्या दिवशी लेखकाने प्रथम जे करावयास हवे होते ते केले. दोन कोंबड्या हाती घेऊन पंखाखाली व गुदद्वाराभोवती पिसे फुंकून पाहिली. ऊ एकही नव्हती. नंतर खोलीच्या कोपऱ्यात तासभर स्वस्थ बसून राहिलो. पंधरा मिनिटांत कोंबड्या माणूस विसरल्या आणि खरा प्रकार डोळ्यांदेखत घडू लागला. तीन-चार कोंबड्या इतरांच्या मागे फिरत, शेपटीच्या बुडाशी चोच घालीत, पीस ओढीत आणि ते गिळून टाकीत. जमिनीकडे पाहिले तर गादीवर गळलेले एकही पीस नव्हते. निरोगी कळपात चार पिसे खाली पडलेली असतातच. ती सापडत नाहीत, तेव्हा ती खाल्ली जात आहेत असे समजावे.

पावडरीने काही बिघडले नाही, परंतु तिच्यावर विसंबून दोन आठवडे वाया गेले. चुकीच्या निदानाची किंमत ही अशी असते. सबब प्रथम निदानाचा विचार करू.

निदान कसे करावे?

पिसे जाण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पिसे कोठून गेली हे पाहिल्यास कारण बहुधा उमगते.

१. पीसगळ. प्रौढ कोंबडी साधारणपणे वर्षातून एकदा जुनी पिसे टाकून नवी धारण करते. ही गळ डोके व मान यांपासून सुरू होऊन मागे सरकते. कातडी स्वच्छ असते, जखम नसते आणि नव्या पिसांचे खुंट दिसू लागतात. या काळात अंडी थांबतात. हा रोग नव्हे.

२. कोंबड्याचा त्रास. कळपात नर अधिक असल्यास माद्यांच्या पाठीची व मानेच्या मागची पिसे घासून जातात. दहा माद्यांमागे एक नर पुरेसा असतो. अंडी केवळ खाण्यासाठी विकावयाची असल्यास नराची गरजच नाही.

३. उवा, गोचीड व पिसवा. उवा गुदद्वाराभोवती व पंखाखाली दिसतात. पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके असतात. लाल माइट नावाचा बारीक जीव व गोचीड मात्र दिवसा भिंतीच्या भेगांत आणि बसावयाच्या दांड्याखाली लपून राहतात व रात्री रक्त पितात. म्हणून त्यांचा शोध रात्री बॅटरी घेऊन करावा.

४. मानाची भांडणे. कळपात वरचढ कोण हे ठरविताना कोंबड्या डोक्यावर व तुऱ्यावर टोचतात. नव्या कोंबड्या जुन्या कळपात सोडल्यावर हा प्रकार होतो आणि काही दिवसांत शमतो.

५. पिसे उपटण्याची खोड. यात शेपटीचे बूड, पाठ, पोट आणि गुदद्वाराजवळचा भाग उघडा पडतो. पिसे तुटलेली, कुरतडलेली दिसतात. उपटणारी कोंबडी रागावलेली नसते, शांतपणे उपटत असते. तिची स्वतःची पिसे मात्र बहुधा शाबूत असतात! कळपातील सर्वांत देखणी कोंबडी ही पुष्कळदा गुन्हेगार असते, हे ध्यानात ठेवावे.

खोडीचे मूळ

कोंबडी ही टोचून पोट भरणारी जात. मोकळी कोंबडी दिवसाचा बहुतेक काळ माती उकरण्यात, दाणा-किडा टिपण्यात आणि गवत तोडण्यात घालविते. ही तिची उपजत वृत्ती आहे. पोट भरले म्हणून ती थांबत नाही. बंद खोलीत उकरावयास काही नसले, गादी ओली होऊन घट्ट बसली आणि खाद्य अर्ध्या तासात संपले, तर चोच रिकामी राहते. मग समोर हलणारे शेजारणीचे पीस हेच तिचे रान होते. म्हणून या खोडीला कोंबडीचा दुष्टपणा न समजता तिच्या रिकामपणाची खूण समजावी.

एकदा पीस ओढले की त्याच्या मुळाशी रक्ताचा ठिपका येतो. कोंबड्यांना लाल रंग चटकन दिसतो आणि त्या त्याकडे धावतात. एकीचे पाहून दुसरी शिकते. येथून पुढे ही खोड न राहता साथ होते.

खोड वाढविणारी कारणे

दाटी. गादी पद्धतीत अंड्यावरील प्रत्येक कोंबडीस दोन ते अडीच चौरस फूट जागा लागते. वर सांगितलेली खोली दहा फूट बाय बारा फुटांची, म्हणजे १२० चौरस फुटांची होती. तीत ऐंशी कोंबड्या असल्याने प्रत्येकीच्या वाट्याला दीड फूटच जागा येत होती. त्या खोलीत पन्नासाहून अधिक कोंबड्या ठेवणे युक्त नव्हते.

उष्णता. वर्ध्याचा उन्हाळा किती कडक असतो हे वाचकांस सांगावयास नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली तो आणखी चढतो. कोंबडीस घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकीत अंगाची उष्णता बाहेर टाकते. अशा वेळी ती खाद्य कमी खाते, बेचैन होते आणि टोचू लागते.

प्रकाश. मांजर व मुंगूस यांच्या भीतीने त्या खोलीत मोठा दिवा रात्रभर जळत असे. प्रखर व अखंड प्रकाशाने कोंबड्यांना विसावा मिळत नाही. अंड्यावरील कोंबडीस दिवसाचा उजेड धरून एकूण सोळा तास प्रकाश पुरे होतो. मांजरासाठी जाळी हवी, दिवा नव्हे.

आहारातील उणीव. पीस हे जवळजवळ सर्वस्वी प्रथिनाचेच बनलेले असते. त्यात गंधकयुक्त प्रथिनघटक विपुल असतात. त्यांपैकी मिथिओनीन हा घटक ज्वारी, मका व सोयाबीन पेंडीत कोंबडीच्या गरजेपेक्षा कमी पडतो. मिठाची उणीव हेही एक ज्ञात कारण आहे. खाद्यात तंतुमय भाग फार कमी असणे आणि खाद्य एकाएकी बदलणे यांनीही खोड बळावते. त्या बाईंनी महाग पडते म्हणून तयार खाद्य एकदम बंद करून नुसती ज्वारी व तांदळाच्या कण्या सुरू केल्या होत्या. त्यांत प्रथिन कमी, मीठ नाही आणि चुना नाही.

पहिल्या अंड्याचा काळ. तलंग प्रथम अंडी देऊ लागते तेव्हा अंडे बाहेर पडताना गुदद्वाराचा लाल भाग क्षणभर बाहेर दिसतो. अंडी घालण्यास अंधारी, आडोशाची जागा नसल्यास इतर कोंबड्या तेथे टोचतात. यातून आतडी बाहेर ओढली जाऊन कोंबडी तासाभरात मरते. या काळात विशेष जपावे.

तातडीचे उपाय

१. जखमी कोंबडी त्याच क्षणी वेगळी करावी. जखम पोव्हिडोन आयोडीनने धुवावी. नंतर कडुनिंबाच्या तेलात हळद कालवून लावावी. त्याच्या कडू चवीने व वासाने इतर कोंबड्या दूर राहतात. जखम भरून लाली जाईपर्यंत तिला कळपात सोडू नये. जखम खोल असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी.

२. तासभर बसून उपटणाऱ्या कोंबड्या ओळखाव्या व त्याही वेगळ्या कराव्या. सर्व कळपापेक्षा या दोन-चार कोंबड्या हलविणे सोपे असते.

३. मेलेली कोंबडी खोलीत क्षणभरही राहू देऊ नये.

४. प्रकाश मंद करावा. खिडकीवर गोणपाट सोडावे, परंतु हवा अडवू नये. लाल दिवा लावल्यास रक्ताचा ठिपका ठळक दिसत नाही व टोचणे कमी होते.

५. चोचीला काम द्यावे. मेथी, पालक, शेवगा किंवा लसूणघास यांच्या जुड्या कोंबडीला मान उंच करावी लागेल एवढ्या उंचीवर टांगाव्या. दुपारनंतर मूठ-दोन मुठी ज्वारी गादीत विखरून टाकावी म्हणजे कोंबड्या ती उकरून काढीत बसतात. एका पाटीत बारीक माती व चुलीची राख एकत्र करून धूळस्नानासाठी ठेवावी. तिचा उवा कमी राहण्यासही उपयोग होतो.

कायमचे उपाय

जागा व साधने. गादी चार ते सहा इंच जाड, कोरडी व भुसभुशीत असावी. भाताचे तूस न मिळाल्यास आपल्याकडे सहज मिळणारे सोयाबीनचे वाळलेले कुटार किंवा भुईमुगाची टरफले चालतात. मात्र बुरशी लागलेले काहीही वापरू नये. गादी आठवड्यातून दोनदा उलटावी. खाद्याच्या भांड्याशी प्रत्येक कोंबडीस चार इंच जागा मिळावी, म्हणजे दुबळ्या कोंबडीस मागे राहावे लागत नाही. पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याचे एक अंधारे खोके ठेवावे. बसण्यासाठी आडवे दांडे लावावे व प्रत्येकीस आठ इंच जागा धरावी. हे दांडे निदान दोन फूट उंच असावे. फार खाली असल्यास वर बसलेल्या कोंबडीची शेपटी खालच्या कोंबडीच्या चोचीसमोर येते.

उन्हाळ्याची तयारी. छपरावर चुन्याचा पांढरा हात द्यावा व त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरून सावली करावी. विस्तवापासून मात्र जपावे. पश्चिमेकडील जाळीवर गोणपाट बांधून दुपारी ओले करावे. पाणी मातीच्या भांड्यांत, सावलीत आणि दिवसातून तीनदा ताजे द्यावे. खाद्य पहाटे व सायंकाळी घालावे.

खाद्य. घरी खाद्य तयार करणाऱ्यांसाठी अंड्यावरील कोंबड्यांचे एक मिश्रण पुढे दिले आहे. प्रमाण एका क्विंटलसाठी आहे.

मका किंवा ज्वारीचा भरडा: ५० किलो
भाताचा कोंडा: १२ किलो
तेल काढलेली सोयाबीन पेंड: १८ किलो
मासळीची भुकटी: ५ किलो
तुरीची चुनी: ५ किलो
शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा: ८ किलो
खनिज मिश्रण: १.५ किलो
मीठ व जीवनसत्त्व मिश्रण मिळून: ०.५ किलो

यात मीठ ३०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. अधिक मीठ कोंबडीस विषासारखे असते. मासळी खारवलेली असल्यास वरून मीठ घालूच नये. शंभर ग्रॅम मिथिओनीन मिसळल्यास उत्तम. या मिश्रणात सुमारे १७ टक्के प्रथिन मिळते.

येथे दोन सूचना आपल्या जिल्ह्यापुरत्या मुद्दाम देणे आवश्यक वाटते. घरचे सोयाबीन कच्चे दळून कोंबड्यांना घालू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचे पचन रोखणारा अंश असतो. तो भाजल्याने किंवा शिजविल्याने नाहीसा होतो. तसेच सरकीची ढेप गुरांना चालते म्हणून कोंबड्यांना देऊ नये. सरकीतील गॉसिपॉल नावाच्या द्रव्याने अंड्याचे बलक काळपट-हिरवट पडते व अंडी बाजारात नाकारली जातात. खाद्य बदलावयाचे झाल्यास जुन्यात थोडे थोडे नवे मिसळीत आठ-दहा दिवसांत बदलावे.

पिलांपासून शिस्त. ही खोड पुष्कळदा पिलाच्या वयातच लागते आणि अंड्यावर आल्यावर प्रकट होते. म्हणून पहिल्या आठवड्यापासून पिलांना कोरडी गादी, पुरेशी जागा आणि २० टक्के प्रथिनाचे खाद्य मिळावे. महिन्याच्या आतच त्यांना लहान दांड्यावर बसण्याची सवय लावावी. वेगवेगळ्या वयाची पिले एकत्र ठेवू नयेत.

चोच कापावी काय?

मोठ्या व्यावसायिक शेडमध्ये पिलांच्या चोचीचे टोक कापण्याचा प्रघात आहे. चोचीत मज्जातंतू असतात. ती कापल्याने पक्ष्यास वेदना होतात. शिवाय कारण कायम राहिल्यास खोड निराळ्या रूपाने उरतेच. वयस्क कोंबडीची चोच घरी कात्रीने किंवा विळ्याने कापणे तर सर्वस्वी गैर होय. लहान कळपात जागा, गादी, खाद्य आणि प्रकाश सुधारल्यास चोच कापण्याची वेळ येत नाही.

पिंजऱ्यातील पोपटाविषयी

कोंबड्यांच्या शेडवर गेले असता घरातील पोपटही असाच उघडा पडला आहे, काय करावे, अशी पृच्छा कोणीतरी करते. कोंबडी दुसरीची पिसे उपटते, पोपट स्वतःची. त्याची छाती व पोट उघडे, पण डोक्यावरची पिसे मात्र नीट, असे दिसल्यास त्याने ती स्वतःच उपटली हे निश्चित. कारण चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. डोक्याचीही पिसे गेली असल्यास रोगाची शंका घ्यावी. मूळ कारण कोंबडीसारखेच आहे: अपुरा पिंजरा, एकटेपणा, रिकामी चोच आणि नुसती डाळ-मिरची किंवा सूर्यफुलाचे बी असा एकांगी आहार. पोपट हा थव्याने राहणारा व दिवसभर झाडे धुंडाळणारा पक्षी होय. ज्वारीच्या कणसांवर उतरणारे त्यांचे थवे कोणत्या शेतकऱ्याने पाहिले नाहीत? अशा पक्ष्यास हातभर पिंजऱ्यात कोंडले म्हणजे तो आपल्याच अंगावर उलटतो.

शिवाय, १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये आपल्याकडील रानातील पोपट पकडणे, विकणे व पिंजऱ्यात बाळगणे यांस बंदी आहे. असा पोपट घरी असल्यास तो वन विभागाच्या स्वाधीन करावा. पिसे नसलेला पोपट उडू शकत नाही, म्हणून दया येऊन तो परस्पर सोडून देऊ नये.

पुढे काय झाले?

देवळी तालुक्यातील त्या बाईंनी वीस कोंबड्या विकल्या व दोन कोंबड्या वेगळ्या बांधल्या. उरलेल्या पन्नासांसाठी गादी बदलली, रात्रीचा मोठा दिवा काढून जाळी बसविली आणि वरील मिश्रण सुरू केले. दारातील शेवग्याच्या फांद्या रोज खोलीत टांगल्या जाऊ लागल्या. आठवड्यात नव्या जखमा थांबल्या. मूळासकट उपटलेल्या जागी काही आठवड्यांत कोवळे खुंट दिसू लागले. जेथे पीस मधेच तुटले होते तेथे मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत वाट पाहावी लागली. म्हणून उपाय केल्यावर पाठी लगेच झाकल्या नाहीत तरी धीर सोडू नये. नव्या जखमा होत नाहीत ना, एवढेच पाहावे. कर्जाचा पहिला हप्ता त्यांना उशिरा भरावा लागला. पुढचे वेळेवर गेले.

उघड्या पाठीची कोंबडी हिवाळ्यात अंगाची ऊब राखण्यासाठी अधिक खाद्य खाते आणि अंडी मात्र वाढवीत नाही. म्हणजे पिसे गेली की नुकसान दोन्हींकडून होते. ते टाळण्यास महाग औषध लागत नाही. दररोज सायंकाळी दहा मिनिटे कोंबड्यांत स्वस्थ बसावे, गादीवर पिसे पडलेली आहेत की नाहीत ते पाहावे आणि काही वावगे दिसल्यास त्याच दिवशी इलाज करावा. अधिक माहितीसाठी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे किंवा सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी. आणि आमच्यापैकी कोणी अधिकारी दारातूनच कोंबड्या पाहून औषध सांगू लागला, तर त्यास आग्रहाने आत बोलावून घटकाभर बसवावे, ही विनंती.